पायाखालची जन्नत आणि सातबाऱ्यावरची जमीन

मराठी मुसलमान लेखक लिहायला बसला की पहिली कविता बहुधा आईवर लिहितो. अम्मी पहाटे उठायची, जाते ओढायची, स्वतः उपाशी राहून लेकरांना भाकर द्यायची आणि एक दिवस गुपचूप गेली, असा त्या कवितेचा सारांश असतो. शेवटी जन्नतचा उल्लेख येतो. मैफलीत माणसे डोळे पुसतात. वाझ करणारे मौलाना, राजकीय व्यासपीठावरचे पुढारी आणि शाळेतले गुरुजी हीच गोष्ट आपापल्या भाषेत सांगतात. आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे आपल्या समाजातले सर्वांत जास्त बोलले जाणारे वाक्य असावे.

आमचा आक्षेप या वाक्याला नाही, त्याच्या वापराला आहे. जिच्या पायाखाली जन्नत आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, तिच्या पायाखालची जमीन कुणाच्या नावावर होती? तिच्या बाळंतपणाला कोण धावले? ती मेली ती कशाने मेली? हे प्रश्न विचारले की मैफल गप्प होते. कुणीतरी म्हणतो, अल्लाहची मर्जी. शेजारचा म्हणतो, तिचे नशीब. आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे की जुन्या काळातली खेड्यातली आई नशिबाने मेली नाही. तिला मारणाऱ्या गोष्टींना नावे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक टाळता येण्यासारख्या होत्या.

आम्ही उमरीच्या परिसराबद्दल बोलतो. नांदेड जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग तेलंगणाला लागून आहे. इथे बाजारात मराठी आणि तेलुगू, घरात दख्खनी अशा भाषा एकाच जिभेवर नांदतात. काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि रेल्वेचे स्टेशन ही इथली ओळख. इथल्या मुसलमानांत जमीनदार थोडे. बाकी अल्पभूधारक, सालगडी, पिंजारी, खाटीक, बागवान, फकीर, मजूर. त्यांच्या घरातल्या बाईचा दिवस शेजारच्या मराठा, हटकर, मांग, महार घरातल्या बाईच्या दिवसापेक्षा वेगळा नव्हता. पहाटे जाते, मग आडावरचे पाणी, शेणकूर, चूल, दिवसभर निंदणी-खुरपणी किंवा कापसाची वेचणी, संध्याकाळी सरपणाचा भारा आणि पुन्हा चूल. ती घरात सर्वांत शेवटी जेवायची. हे कवितेत त्याग म्हणून येते. शरीराच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की घरातले सर्वांत कमी अन्न सर्वांत जास्त राबणाऱ्या आणि बहुतेक वेळा गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या वाट्याला यायचे. तिच्या अंगात रक्त नसायचे. चेहऱ्यावर पिवळेपणा, पायावर सूज, दोन पावले चालली की धाप. घरातले म्हणायचे, बाईच्या जातीला असे असतेच.

अशा देहाला सहा, आठ, दहा बाळंतपणे. जचकी घरात, अंधाऱ्या खोलीत, बाजेवर किंवा जमिनीवर. गावची सुईण अनुभवी असायची, आम्ही तिचा अवमान करणार नाही. रात्री-अपरात्री जातपात न बघता येणारी ती एकटीच होती. पण मूल आडवे आले तर तिच्याकडे उपाय नव्हता. वार अडकली, रक्त थांबेना, तर उपाय नव्हता. नाळ विळ्याने किंवा जे हाताशी असेल त्याने कापली जायची. मग आईला किंवा बाळाला धनुर्वात व्हायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तर बाहेरची बाधा म्हणून ताईत बांधला जायचा.

आता त्या काळात जगाला काय ठाऊक होते ते पाहू. बाळंतरोगाचा ताप वैद्यांच्या अस्वच्छ हातांतून पसरतो आणि हात नीट धुतले तर तो टळतो, हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ सालीच दाखवून दिले होते. त्याला त्याच्या हयातीत मान मिळाला नाही, पण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही गोष्ट शहरातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत झाली होती. उमरीच्या सुईणीपर्यंत ती कुणी पोचवली नाही. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार बाळंतपणांमागे सुमारे २० बाया मरतात आणि वर्षाला सुमारे २ लाख बाया जातात, असा त्या समितीचा अंदाज होता. निजामाचे राज्य त्या हिशेबात धरलेले नव्हते. एका बाळंतपणात हजारांत वीस, तर आठ बाळंतपणांत किती, हे गणित वाचकांनीच करावे. साधारण सहा-सात बायांमागे एक. प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी घर असे निघणारच, जिथे सावत्र आईच्या हाताखाली लेकरे वाढली.

बाळंतपणात दगावलेल्या बाईला शहिदाचा दर्जा हदीसमध्ये सांगितला आहे. हा दिलासा थोर आहे. ज्याची बायको गेली, ज्याची लेक गेली, त्याला त्या रात्री दुसरे काय सांगणार? पण दिलाशाचा बहाणा झाला. ती शहीद झाली म्हटले की पुढचे प्रश्न बंद. शहिदाला मारणारा कुणीतरी असतो, हे कुणी लक्षात घेतले नाही. लढाईत पडलेल्या शहिदाचे नाव आपण विचारतो, ती कोणत्या लढाईत पडली ते विचारले नाही. स्त्रीच्या कफनात पाच कपडे असतात, पुरुषाच्या तीन. जिला हयातीत दुसरे धड लुगडे मिळाले नाही, तिला मेल्यावर पाच वस्त्रे मिळायची. त्यातही अनेक ठिकाणी ते कफन माहेरहून यायचे. सासरच्या घरात पंचवीस वर्षे राबून शेवटचा कपडासुद्धा भावाच्या पैशाने.

इथे एक जण उठून म्हणेल की त्या वेळी तर मुसलमानांचे राज्य होते. हे वाक्य दोन तोंडांतून ऐकू येते. एक तोंड टोमणा मारते, दुसरे उसासा टाकते. दोघांनाही आमचा एकच प्रश्न आहे. हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्या श्रीमंतीतले उमरीच्या पिंजारणीच्या बाजेपर्यंत काय आले? १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, उर्दूतून उच्च शिक्षण देणारे म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण ज्या बाईच्या घरात दख्खनी बोलली जात होती ती उर्दूत आपले नाव लिहू शकत नव्हती, मराठीतही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिकंदराबाद-मनमाड रेल्वे इथून धावू लागली. कापसाच्या गाठींना आगगाडी मिळाली. अडलेल्या बाईला बैलगाडी मिळाली तर मिळाली. राज्यकर्त्याचा आणि रयतेतल्या बाईचा कलमा एक असला म्हणून तिच्या चुलीवर वेगळे काही शिजत नव्हते. जे लोक आजही निजामाच्या आठवणीने हळवे होतात त्यांनी आपल्या नानी-दादीचे बाळंतपण आधी आठवावे.

उमरीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते ३० जानेवारी १९४८ या तारखेमुळे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी नेला. त्या पैशाचा हिशेब कसा चोख ठेवला गेला, ही गोष्ट मराठवाड्यात अभिमानाने सांगतात. तो अभिमान सार्थ आहे. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली, बायाबापड्यांची अब्रू घेतली, हे सत्य आहे. त्या आयांचेही दुःख आमचेच आहे. त्यात आमचे-तुमचे करणारा माणूस आईचे नाव घेण्याच्या लायकीचा नाही.

पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली आणि त्यानंतर जे घडले त्याचा हिशेब चोख ठेवला गेला नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून पाहणी केली. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा सावध अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले आणि एकट्या या चार जिल्ह्यांतला आकडा १८ हजारांहून कमी नसावा, असे तिने नोंदवले. लातूरसारख्या व्यापारी गावातली कत्तल कित्येक दिवस चालली. विहिरींत उड्या घेतलेल्या बायांचा उल्लेख त्यात आहे, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना लपवणाऱ्या हिंदूंचाही आहे. तो अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्धच केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. बँकेतला रुपया मोजला गेला, विहिरीतली आई मोजली गेली नाही. आम्हाला सूड नको, मोबदलाही नको. आम्हाला मोजणी हवी.

आणि ज्या वाचल्या त्यांचे काय? धनी मारला गेलेला, घर जळालेले, पदरात चार लेकरे. या बायांनी मराठवाड्यातल्या मुसलमानांची पुढची पिढी उभी केली. त्यांनी रोजंदारी केली, कापूस वेचला, विड्या वळल्या, गोधड्या शिवल्या, लोकांची दळणे दळली. १९७२ च्या दुष्काळात यांच्याच सुना रोजगाराच्या कामावर खडी फोडायला बसल्या. पोट पुढे आलेले, हातात हातोडा, दुपारी सुकडी, घरी आयात केलेल्या मिलोची भाकर. पडदा, गोशा वगैरे चर्चा ज्यांच्या घरात धान्य होते त्यांच्यासाठी होती. खडीच्या ढिगावर बसलेल्या बाईला गोशा कुणी विचारला नाही. हा आपल्या समाजाचा खरा इतिहास आहे. आपल्या साहित्यात मात्र तो सुरकुतलेल्या हातांच्या एका ओळीत संपतो.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. कुरआनने वारशात स्त्रीचा वाटा ठरवून दिला. नवऱ्यामागे लेकरे असतील तर बायकोला आठवा हिस्सा, मुलाच्या निम्मे मुलीला, आणि लेकरेबाळे असलेला मुलगा आधी गेला तर त्याच्या आईला सहावा हिस्सा. समजा, एका शेतकऱ्याची २४ एकर जमीन आहे, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. बायकोचे ३ एकर झाले. उरलेल्या २१ पैकी १४ मुलाचे, ७ मुलीचे. हा वाटा निम्मा का, हा वाद आम्ही टाळत नाही. तो जरूर व्हावा. पण आधी एवढे सांगा की हे ३ आणि हे ७ एकर उमरीच्या, धर्माबादच्या, उदगीरच्या कोणत्या सातबाऱ्यावर दिसतात? १९३७ साली शरियत कायदा झाला. निकाह, तलाक, मेहर, वारसा या बाबतींत मुसलमानांना रूढी लागू न होता शरियत लागू व्हावी म्हणून तो आणला गेला. त्या कायद्याच्या कलमातच शेतजमीन वगळलेली होती. म्हणजे खेड्यातल्या बाईला जे एकच धन मिळण्यासारखे होते तेवढेच बाहेर ठेवले. गावात तर गोष्ट कायद्यापर्यंत जातच नाही. बाप गेला की भाऊ तलाठ्याकडे हक्कसोडाचा कागद तयार ठेवतो. बहीण अंगठा देते. बदल्यात साडीचोळी आणि सणाला माहेरी येण्याची परवानगी. हिस्सा मागितला तर माहेर तुटते, आणि सासरी हाल झाले तर जायला तेवढेच एक दार असते. म्हणून ती अंगठा देते. त्याला आपण बहिणीची माया म्हणतो.

मेहरचेही तेच. मेहर खुशीने द्या, असा आदेश आहे. आपल्याकडे ती निकाहच्या कागदावर राहते आणि नवऱ्याचा जनाजा उठायच्या वेळी रडणाऱ्या बाईला चार बायका विचारतात, माफ केली म्हण. त्या घटकेला नाही म्हणणारी बाई आम्ही अजून ऐकलेली नाही. तलाकच्या प्रश्नावर हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात बायांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, तेव्हा धर्मात ढवळाढवळ म्हणून केवढे काहूर उठले. बहिणीचा सातवा एकर दाबून बसणे ही धर्मातली ढवळाढवळ नाही काय? त्याविरुद्ध मराठवाड्यात मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, १९९२ साली शासनाने नवऱ्याबरोबर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे परिपत्रक काढले. आपल्या किती घरांनी ते नाव लावून घेतले, हे ज्याने त्याने आपला उतारा काढून पाहावे.

साहित्याचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. मराठीतली सर्वांत जास्त वाचली गेलेली खेड्यातली आई म्हणजे साने गुरुजींची. कोकणातल्या पालगडची. 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाले, १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि सुवर्णपदक मिळवले. आपण सगळे त्या पुस्तकावर रडलो. पण त्या पुस्तकाचे मोठेपण रडण्यात नाही. त्या लेकाने आईला कुठे कर्ज होते, घरात काय नव्हते, सावकाराचा माणूस दारात येऊन काय बोलला, ती कशी खंगत गेली, हे एकेक रात्र करून सांगितले. तिचा मृत्यू आपल्याला माहीत आहे, कारण तो तपशिलाने लिहिला गेला. तीही मुलाच्या नावानेच ओळखली जाते, ही गोष्ट वेगळी. आता आपल्या शेल्फावरची पुस्तके काढून पाहा. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटला. कवितासंग्रह निघाले, आत्मकथने निघाली. त्यांतल्या किती आयांना नाव आहे? अम्मी, अम्मा, माँ. नाव विचारले तर लेखक थबकतो, कारण घरात तिला कुणी नावाने हाक मारलीच नाही. अमक्याची माँ, अमक्याची बीबी. कब्रस्तानात तिच्या मातीवर दगड नाही, तलाठ्याकडे नोंद नाही, जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा व्हायला १९६९ साल उजाडले. मग ती कुठे सापडणार? लेखकाने तिला शोधायचे नाही तर कुणी?

हे सगळे जुने झाले, आता काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांना एक आकडा देतो. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. भोर समितीच्या काळातला अंदाज याच मापाने लाखामागे २ हजारांचा होता. कुठे २ हजार, कुठे ३३! बाया त्याच, माती तीच, अल्लाह तोच. बदलले ते इतकेच की लोखंडाची गोळी आली, धनुर्वाताची सुई आली, आशाताई आली, २०१४ पासून १०८ ची गाडी आली, नाळ उकळलेल्या पात्याने कापली जाऊ लागली. म्हणजे त्या बाया मर्जीने मेल्या नव्हत्या. त्यांना गोळी, सुई आणि गाडी मिळाली नव्हती.

आणि लढाई संपलेलीही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारखान्याचा हंगाम बुडू नये म्हणून आईपणाची पिशवीच काढून टाकायची! आईच्या गौरवाच्या सभा याच जिल्ह्यांत भरतात.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. आईवर कविता जरूर लिहा, पण तिचे नाव लिहा. तिचे माहेरचे गाव लिहा. ती किती वेळा बाळंत झाली, किती लेकरे जगली, ती कोणत्या आजाराने, किती वर्षांची असताना, कोणत्या उपचाराविना गेली, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. ती म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचे नाव लावायचे, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे. सरकारी कागदाला जे सुचले ते आपल्या लेखणीला सुचायला हरकत नाही.

आणि मशिदीतून, मंचावरून, अंकातून जो कुणी आईच्या पायाखालच्या जन्नतची गोष्ट सांगेल, त्याला श्रोत्यांतून एक प्रश्न यावा. भाईजान, तुमच्या बहिणीचा हिस्सा तिच्या नावावर केलात काय? जन्नतचा फैसला वर होईल. सातबाऱ्याचा फैसला उमरीच्या तहसील कचेरीत होतो आणि ती सोमवारी उघडी असते.